भादली ते रावेर : तृतीयपंथीयांच्या हक्कांची खानदेशी वाट

भुसावळ आणि जळगाव यांच्या मधल्या रेल्वेमार्गावरच्या भादली बुद्रुक गावात डिसेंबर २०२० मध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी अर्ज भरला. जागा महिलांसाठी राखीव होती. त्या तृतीयपंथी आहेत आणि त्या प्रभागात तृतीयपंथीयांसाठी राखीव जागा नाही, एवढ्या कारणावर छाननीत अर्ज बाद झाला. मतदान १५ जानेवारीला होते.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. याचिकेवरचे नाव होते ‘अंजली गुरू संजना जान’. तृतीयपंथीयांच्या गुरू-चेला परंपरेत जन्मदात्याऐवजी गुरूचे नाव लागते. तेच नाते इथे न्यायालयाच्या दप्तरी नोंदले गेले. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज ग्राह्य धरण्याचा आदेश दिला. त्याला आधार होता २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायद्याचा आणि त्यातील स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याच्या हक्काचा. यापुढे सोयीसाठी पुरुष म्हणवून घेणार नाही, ही अर्जदाराची हमीही न्यायालयाने नोंदवली. अशी आजन्म हमी दुसऱ्या कोणत्याही उमेदवार बाईला द्यावी लागत नाही. अंजली पाटील निवडून आल्या.

ज्या जागेवरून त्या जिंकल्या, ती स्त्रियांच्या लढ्याने मिळवलेली होती. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. एका चळवळीने उघडलेल्या दारातून दुसरी आत आली, हे भादलीचे खरे महत्त्व.

जातीचा प्रश्न याहून अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण देण्यास सांगितले. पण सगळ्यांना इतर मागासवर्गात घातले, तर दलित किंवा आदिवासी तृतीयपंथीयाने आपले जातीचे आरक्षण सोडायचे काय? म्हणून मागणी समांतर आरक्षणाची आहे : प्रत्येक प्रवर्गाच्या आत तृतीयपंथीयांचा वाटा. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत असा एक टक्का दिला. ही मागणी न्याय्यच आहे.

दोन अन्याय एकत्र मांडण्याची परंपरा या रेल्वेपट्ट्याला नवी नाही. भुसावळ विभागातल्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आंबेडकरी राजकारणानेच पुढे तृतीयपंथी कार्यकर्त्यांना व्यासपीठ दिले. कवयित्री दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आघाडीच्या पहिल्याच यादीत रावेर विधानसभेसाठी शमिभा पाटील यांचे नाव आले. जागा भाजपचे अमोल जावळे यांनी जिंकली.

रावेर तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशाने तृतीयपंथी शबनम मौसी यांना सोहागपूरमधून आमदार केले, त्याला दोन तपे उलटली. महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत तृतीयपंथी आमदार अजून एकही झालेला नाही.