फुकटची विहीर आणि गाळाचा प्रश्न

‘फुकट तें पौष्टिक’ अशी आपल्याकडे एक लोकप्रिय म्हण आहे. वैद्यकशास्त्रास ती मान्य नसली, तरी संगणकशास्त्रानें ती जवळजवळ सिद्ध करून दाखविली आहे. जगांतील सर्वांत शक्तिमान् अशा ५०० महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते, तींतील एकूणएक यंत्रें नोव्हेंबर २०१७ पासून ‘लिनक्स’ नांवाच्या प्रणालीवर चालत आलीं आहेत. आणि ही प्रणाली कोणासही एक पैही न देतां मिळते. ज्या अँड्रॉइड फोनवर आपले वडील बंधु अभ्यासाच्या निमित्तानें क्रिकेटचा धांवफलक पाहतात, त्याच्या पोटांतही लिनक्सच आहे. २०२१ सालीं मंगळावर जें चिमुकलें हेलिकॉप्टर उडालें, त्यासही तिचाच आधार होता. एवढी मोठी वस्तु फुकट मिळते, तेव्हां शहाण्या मनुष्यानें विचारावें, ‘ह्यांत कांहीं गोम तर नाहीं ना?’ गोम आहे; परंतु ती आपण समजतों तेथें नाहीं.

प्रथम ‘मुक्त स्रोत’ म्हणजे काय तें पाहूं. संगणकास द्यावयाची आज्ञावली मनुष्य आधीं वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. तिला मूळ संहिता म्हणावें. मग तिचें रूपांतर यंत्रास कळणाऱ्या शून्य व एक ह्या अंकांत होतें. शेजारच्या काकूंनीं लोणच्याची बरणी पाठविली, तर आपण लोणचें खाऊं शकतों. पण मेथी जास्त पडली असेल, तर ती निवडून काढतां येत नाहीं. काकूंनीं बरणीबरोबर कृतीचा कागदही दिला, आणि ‘वाटेल तो फेरफार करा, दहा जणांस द्या’ असें सांगितलें, तर मात्र गोष्ट निराळी! ही उदारता म्हणजेच मुक्त स्रोत. लोणचें विकत दिलें कीं फुकट, हा प्रश्न दुय्यम. कागद हातीं आला कीं नाहीं, हा मुख्य.

ह्या चळवळीचा उगम रागांत आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचे गृहस्थ काम करीत. छपाईयंत्रांत कागद अडकला कीं सर्वांस सूचना मिळावी, अशी सुधारणा त्यांस करावयाची होती. परंतु मूळ संहिता देण्यास नकार मिळाला. सामान्य मनुष्य अशा वेळीं यंत्रास दोन थपडा मारून घरीं जातो. स्टॉलमन ह्यांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं अख्खी नवी प्रणालीच लिहून जगास वाटण्याचा संकल्प जाहीर केला, व १९८९ सालीं ‘जी.पी.एल.’ हा परवाना सिद्ध केला. त्याचें सार एवढेंच: कृति घ्या, बदला, वाटा, पण बदललेली कृति वाटतांना तीही उघडीच ठेवा. पुढें १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें केवळ छंद म्हणून लिनक्सचा आरंभ केला. मुलांच्या छंदांस नांवें ठेवणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. आणि मुलांनींही ध्यानांत घ्यावें कीं, तो छंद चित्रफिती पाहण्याचा नव्हता.

ह्यानंतर जें झालें, तें एखाद्या प्रहसनांत शोभावें. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर ह्यांनीं २००१ सालीं लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. त्याच कंपनीनें २०१६ सालीं लिनक्स फाउंडेशनचें सभासदत्व घेतलें, व २०१८ सालीं मुक्त संहितांचें सर्वांत मोठें भांडार जें गिटहब, तें विकत घेतलें. ज्या घरचें पाणीही पिणार नाहीं अशी शपथ घ्यावी, त्याच घरीं पंधरा वर्षांनीं पंगतीस बसून जिलबी मागावी, त्यांतलाच हा प्रकार! भक्तमंडळीही कांहीं कमी नाहींत. मजकूर लिहिण्यास ‘व्ही-आय’ बरा कीं ‘ईमॅक्स’, ह्यावर त्यांचे जे वाद झाले, त्यांपुढें शैव-वैष्णवांचे वाद फिके पडावेत. ‘यंदा लिनक्स प्रत्येक घरच्या मेजावर येणार’ हें भाकीत तर दरवर्षीं ऐकूं येतें, आणि पंचांगांतील पावसाप्रमाणें तें दरवर्षीं पुढें ढकललें जातें.

आतां त्या गोमेकडे वळूं. मुक्त आज्ञावली ही गांवच्या विहिरीसारखी आहे. पाणी भरावयास सारा गांव येतो. गाळ काढावयाची वेळ आली कीं प्रत्येकास कांहीं तरी महत्त्वाचें काम निघतें. २२ मार्च २०१६ रोजीं एका लेखकानें नांवाच्या वादावरून रागावून आपल्या लहानमोठ्या आज्ञावली सार्वजनिक कोठारांतून काढून घेतल्या. त्यांपैकीं ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघी ११ ओळींची; परंतु तिच्यावांचून जगभर असंख्य कामें अडलीं! २०१४ च्या एप्रिलमध्यें ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष उघडकीस आला. आंतरजालावरील पत्रव्यवहार व पैशांचे व्यवहार ज्या ‘ओपन-एसएसएल’च्या कुलपावर विसंबून होते, त्यांतला हा दोष दोन वर्षें कोणाच्या लक्षांत आला नव्हता. ह्या कुलपाची पूर्ण वेळ देखभाल करणारी माणसें किती? एक!

सर्वांत बोधप्रद कथा २०२४ सालची आहे. ‘एक्सझेड’ नांवाचें, मजकूर दाबून लहान करणारें एक साधन एक गृहस्थ कित्येक वर्षें विनामोबदला सांभाळीत होते. थकलेल्या ह्या गृहस्थांस एका अज्ञात इसमानें मदतीचा हात दिला, सुमारें दोन वर्षें इमानानें काम करून विश्वास संपादला, आणि मग हळूच त्या साधनांत चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. आपण अशा वेळीं जांभई देतों. त्यांनीं कारण शोधलें, आणि २९ मार्च रोजीं सर्व जगास सावध केलें. कृति उघडी असल्यामुळेंच मूळ शोधून काढतां आलें, हें खरें. पण उघडी वस्तु कोणी तरी पाहावी लागते, हेंही तितकेंच खरें.

हल्लीं कृत्रिम बुद्धीच्या बाजारांतही ‘मुक्त’ ही पाटी झळकूं लागली आहे. पुष्कळदां तयार यंत्रबुद्धि हातीं मिळते, पण ती कोणत्या मजकुरावर पोसली तें गुलदस्तांतच राहतें. बरणी मोठी, झांकण उघडें, पण कृतीचा कागद काकूंच्याच कपाटांत!

विद्यार्थिमित्रांनो, ह्यांतून घ्यावयाचा धडा केवळ संगणकाचा नाहीं. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कोणी तरी आपल्या रात्री जागून आधींच चुकती केलेली असते. तुम्हांस आज्ञावली लिहितां येत नसेल, तरी दोष दिसल्यास तो नीट शब्दांत कळवितां येईल, आणि मराठी तर लिहितां येतेंच! फायरफॉक्स व लिबरऑफिस ह्यांस मराठी रूप देण्यास स्वयंसेवकांचेच हात लागले आहेत. आणि पालकहो, मुलगा संगणकाशीं बसलेला दिसला, तर रागावण्यापूर्वीं एकदां डोकावून पाहा. तो नुसतें पाणी भरीत असेल, तर खुशाल कान धरा. पण गाळ काढीत असेल, तर त्यास चहा नेऊन द्या.