संशोधन प्रकल्पांतील राज्य हिस्सा : प्राधान्यक्रमाचा विचार

प्रस्तावना

पुण्यातील महात्मा फुले मंडई १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली. तिच्या उभारणीवरील मोठ्या खर्चास पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच वास्तूस फुले यांचे नाव देण्यात आले. सार्वजनिक पैसा प्रथम कशावर खर्च करावा, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र आजही कायम आहे. संशोधनाच्या क्षेत्रात तो ‘राज्य हिस्सा’ या रूपाने समोर येतो. केंद्राच्या निधीस जोड म्हणून राज्याने द्यावयाच्या या रकमेला व्यवहारात ‘मॅचिंग ग्रँट’ असे म्हणतात. ती देताना राज्य शासनाचा प्राधान्यक्रम कसा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हिश्श्याचे प्रमाण

हंगामात मंडईत येणारी पुरंदरची अंजिरे व सीताफळे हे या विषयाचे जवळचे उदाहरण होय. या फळांवरील संशोधन पुरंदर तालुक्यातील जाधववाडी येथे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या केंद्रात, अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू फळे संशोधन प्रकल्पांतर्गत चालते. राज्य कृषी विद्यापीठांतील समन्वित प्रकल्पांचा ७५ टक्के खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषद उचलते, तर २५ टक्के राज्य शासन.

सर्वच योजनांत हे प्रमाण सारखे नाही. २००७ साली सुरू झालेली राष्ट्रीय कृषी विकास योजना प्रारंभी पूर्णतः केंद्राच्या निधीतून चालत असे. २०१५-१६ पासून तिचे प्रमाण ६०:४० झाले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात (रुसा) महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ६५:३५ हे प्रमाण होते. तेही पुढे ६०:४० करण्यात आले. म्हणजे शंभर रुपयांच्या कामासाठी राज्याचा भार ३५ रुपयांवरून ४० रुपयांवर गेला.

प्राधान्य ठरविणारे घटक

पहिला घटक बांधील खर्चाचा. मंजूर पदांचे वेतन टाळता येत नाही. त्यामुळे चालू प्रकल्पांचा हिस्सा आधी आणि नव्या प्रकल्पांचा नंतर, असा क्रम स्वाभाविकपणे लागतो.

दुसरा घटक गुणोत्तराचा. ७५:२५ प्रमाणात राज्याच्या एका रुपयामागे केंद्राचे तीन रुपये येतात. ६०:४० प्रमाणात दीड रुपया येतो. केवळ राज्याच्या निधीतून होणाऱ्या संशोधनात काहीच येत नाही. वित्त विभागाच्या दृष्टीने पहिल्या प्रकारास झुकते माप मिळणे समजण्यासारखे आहे.

तिसरा घटक राज्याच्या नियोजनाशी असलेल्या सुसंगतीचा. राष्ट्रीय कृषी विकास योजनेत प्रकल्पांना अंतिम मान्यता मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्यस्तरीय समिती देते. जिल्हा कृषी आराखड्याशी जोडलेला प्रस्ताव तेथे अधिक सबळ ठरतो. रुसामध्येही राज्याची उच्च शिक्षण परिषद व राज्य आराखडा यांना असेच स्थान देण्यात आले होते.

चौथा घटक वेळेचा. केंद्र पुरस्कृत योजनांच्या निधीसाठी २०२१ साली एकल नोडल खात्याची पद्धत लागू झाली आणि केंद्राचा हप्ता सुटल्यापासून ४० दिवसांत राज्याने आपला हिस्सा जमा करावा, असे बंधन आले. अर्थसंकल्पात ज्या लेखाशीर्षाखाली तरतूद आधीच आहे, त्या योजनेस हे शक्य होते; इतरांना पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते.

परिणाम

या रचनेचा लाभ स्पष्ट आहे. राज्याचा वाटा असल्यामुळे प्रकल्पाची जबाबदारी राज्यावरही येते व स्थानिक केंद्रे टिकतात. परंतु तिची एक मर्यादाही आहे. राज्याची गरज कोणती, यापेक्षा केंद्राची योजना कोणती, यावर प्राधान्य ठरू लागते. अंजीर व सीताफळ यांना राष्ट्रीय प्रकल्पात स्थान मिळाले, म्हणून त्यांच्या संशोधनास नियमित आधार मिळाला. ज्या स्थानिक पिकाला, बोलीला वा जलस्रोताला असे स्थान नाही, त्याचा अभ्यास महत्त्वाचा असूनही मागे पडतो. ज्या राज्याकडे हिस्सा देण्याची ऐपत कमी, त्याला केंद्राचा निधीही कमी, ही विषमता याच रचनेतून संभवते.

निष्कर्ष

महाविद्यालयीन प्राध्यापकांनी प्रस्ताव तयार करताना केवळ विषयाचे महत्त्व सांगून थांबू नये. राज्यावर पडणारा भार, तो किती वर्षे राहील, त्यासाठी उपलब्ध लेखाशीर्ष आणि जिल्हा वा राज्य आराखड्याशी असलेला संबंध या चार बाबी स्पष्ट मांडणे हितावह ठरेल. त्याचबरोबर राज्यानेही संशोधनाच्या तरतुदीतील काही भाग केंद्राच्या योजनेत न बसणाऱ्या स्थानिक विषयांसाठी स्वतंत्रपणे राखून ठेवावा. एका रुपयामागे किती रुपये येतात, हा हिशोब आवश्यक आहे. पण तो रुपया कोणाच्या गरजेसाठी खर्च होतो, हा प्रश्न त्याआधीचा आहे.