सदर्न रॉकचे आद्य घराणे : ऑलमन ब्रदर्स बँड

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे आणि कंट्री म्हणजे तिथल्याच गोऱ्या ग्रामीण समाजाचे गाणे. या दोन्हींची रॉक संगीताशी सांगड घालून १९७० च्या दशकात ‘सदर्न रॉक’ या नावाने जो प्रवाह उदयाला आला, त्याचे प्रवर्तक म्हणून ऑलमन ब्रदर्स बँडचे नाव घेतले जाते. या बँडची कारकीर्द पंचेचाळीस वर्षांच्या काळात पसरलेली असली, तरी तिला वळण देणारे सारे काही पहिल्या अडीच वर्षांतच घडून गेले होते, आणि पुढील दशके त्या पुंजीवरच उभी राहिली, असे तिचा आढावा घेताना जाणवते.

बँडचा संस्थापक ड्वेन ऑलमन हा मुळात सेशन वादक, म्हणजे इतर गायकांच्या ध्वनिमुद्रणांत मोबदला घेऊन साथ करणारा वादक होता. अलाबामा राज्यातील मसल शोल्स येथील फेम स्टुडिओत त्याने विल्सन पिकेट या कृष्णवर्णीय गायकाला ‘हे जूड’ या गाण्यासाठी १९६८ मध्ये जी साथ केली, तिने एरिक क्लॅप्टनसारख्या ख्यातनाम गिटारवादकाचेही लक्ष वेधले. मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे त्याने डिकी बेट्स (गिटार), बेरी ओकली (बेस), बुच ट्रक्स आणि जेमो (ड्रम्स) यांना एकत्र आणले, आणि एका वर्षाने धाकटा असलेला भाऊ ग्रेग गायन व ऑर्गन यांसाठी लॉस एंजेलिसहून येऊन त्यांना मिळाला.

ड्वेनचे वैशिष्ट्य होते स्लाइड वादन. या पद्धतीत तारा बोटांनी पट्टीवर दाबण्याऐवजी काचेची किंवा धातूची नळी त्यांवरून सरकवली जाते, त्यामुळे स्वर तुटक न येता मींडेसारखा एकातून दुसऱ्यात वाहतो. ड्वेन यासाठी सर्दीवरील ‘कोरिसिडिन’ गोळ्यांची रिकामी काचेची बाटली अनामिकेत घालून वाजवीत असे, आणि पुढे कितीतरी गिटारवादकांनी तशीच बाटली मुद्दाम मिळवून वापरली.

दोन मुख्य गिटार आणि दोन ड्रमवादक ही रचना केवळ आवाज वाढवण्यासाठी नव्हती. ड्वेन आणि बेट्स एकच धून दोन वेगवेगळ्या स्वरांवरून एकत्र वाजवीत आणि मग आळीपाळीने विस्तार करीत; मागे ट्रक्स ठेका न ढळू देता पुढे रेटत असताना जेमो त्यावर जॅझच्या अंगाने अनपेक्षित आघात पेरीत असे. जेमोनेच सहकाऱ्यांना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझची गोडी लावली. स्वरमेळ झपाट्याने बदलत न राहता एकाच स्वरावलीत दीर्घकाळ उपज करीत राहण्याची पद्धत बँडने तिथून उचलली. मराठी श्रोत्याला तिच्यात रागविस्ताराची आठवण झाली तर ते अगदीच अस्थानी नाही, कारण खुद्द कोल्ट्रेनला पंडित रविशंकर यांच्या संगीताची ओढ होती.

बँडने बस्तान बसवले ते जॉर्जियातील मेकन या गावी, जिथे फिल वॉल्डनची कॅप्रिकॉर्न ही ध्वनिमुद्रण कंपनी होती. वांशिक विभाजनाचे कायदे नुकतेच मोडीत निघालेल्या दक्षिणेत, कृष्णवर्णीय जेमोसह लांब केसांच्या गोऱ्या तरुणांनी एकत्र राहणे गावकऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारे होते. खिशात पैसे नसलेल्या या मंडळींना पोटभर जेवू घातले ते लुईस हडसन या कृष्णवर्णीय स्त्रीने आपल्या ‘एच अँड एच’ या खाणावळीत, आणि पैसा आल्यावर बँड तिला विसरला नाही.

पहिले दोन अल्बम फारसे खपले नाहीत, कारण स्टुडिओच्या चौकटीत या वादकांचा श्वास कोंडत होता. न्यूयॉर्कच्या फिल्मोर ईस्ट या सभागृहात १२ व १३ मार्च १९७१ रोजी, निर्माता टॉम डाउडच्या देखरेखीखाली झालेल्या थेट ध्वनिमुद्रणाने हा प्रश्न सोडवला. दोन तबकड्यांच्या या संचात रचना फक्त सात असून, ‘व्हिपिंग पोस्ट’ ही एकच रचना तबकडीची संपूर्ण बाजू व्यापते. मात्र यश दारी येत असतानाच, २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन वयाच्या चोविसाव्या वर्षी मरण पावला, आणि वर्षभराने, तिथून हाकेच्या अंतरावर झालेल्या तशाच अपघातात ओकलीही गेला.

विपरीत वाटेल, पण सर्वांत मोठे व्यावसायिक यश त्यानंतरचे आहे. बेट्सच्या कंट्रीकडे झुकणाऱ्या ‘रॅम्बलिन मॅन’ने १९७३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसरे स्थान मिळवले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत वॉटकिन्स ग्लेन येथील मैफलीला अंदाजे सहा लाख लोक लोटले. पैशाबरोबर अमली पदार्थ आले, बेबनाव आला, आणि १९७६ मध्ये एका खटल्यात ग्रेगने बँडच्याच कर्मचाऱ्याविरुद्ध साक्ष दिल्यावर बँड फुटला. १९७८ च्या सुमाराचे पुनर्मीलन फिके ठरले, ते सोडून दिले तरी चालेल.

१९८९ मध्ये बँड पुन्हा एकत्र आल्यानंतरचे पर्व मात्र भरीव आहे. त्यात गिटारवादक वॉरन हेन्स आला, आणि १९९९ मध्ये बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक ट्रक्स दाखल झाला, ज्याच्या स्लाइड वादनावर ड्वेनइतकाच उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदचाही ठसा आहे. बेट्सला २००० मध्ये बँडमधून दूर करण्यात आले, ही या पर्वाची कटू बाजू होय. न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमधील बँडच्या वार्षिक मैफलींची परंपरा २८ ऑक्टोबर २०१४ च्या रात्री संपली. ती अखेरची मैफल मध्यरात्र उलटून ड्वेनच्या स्मृतिदिनापर्यंत चालली.

या बँडशी ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्याने गाजलेल्या गाण्यांचे संकलन शोधण्याऐवजी फिल्मोर ईस्टच्या संचातील ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही बेट्सची सुमारे तेरा मिनिटांची शब्दविरहित रचना आधी ऐकावी, आणि ‘व्हिपिंग पोस्ट’साठी त्यानंतरची तेवीस मिनिटे राखून ठेवावीत.