दोष यंत्रात की केबलमध्ये?

मुलुंडच्या आमच्या घरी एक जुना संगणक दिवसरात्र चालू असतो. तोच आमचा घरगुती सर्व्हर. घरातले सगळे फोटो आणि वडिलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग त्यावर आहेत. ऐन पावसाळ्यात तो मंदावला. मध्येच संपर्क तुटू लागला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या."

मंडळी, घाई करू नका. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली, की अनेकदा यंत्र निमूटपणे खालच्या वेगावर उतरतं. आपल्याला वाटतं, ते म्हातारं झालं!

म्हणून आधी सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहा. मग केबल बदला. फरक पडला नाही, तर राउटरचं दुसरं भोक वापरून पाहा. वेग कोणी हाताने ठरवून ठेवला असेल, तर दोन्ही टोकांना 'ऑटो' करा. एकीकडे ऑटो आणि दुसरीकडे ठरावीक असलं, तरी गाडी रखडते. ड्रायव्हर आणि वीजबचतीची सेटिंग शेवटी तपासा. मात्र एका वेळी एकच बदल करा. नाहीतर दोष कुठे होता, ते कळणारच नाही.

आमची केबल सरकत्या खिडकीच्या चौकटीत चेपली होती. नवी टाकली, वेग परतला. त्याच संध्याकाळी वडिलांच्या रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली. खरं तर ते काम सर्वांत आधी करायला हवं होतं.