मनिलाची जीपनी आणि हातोहात जाणारे पैसे

फिलिपिन्सला गेलात तर एकदा तरी जीपनीत बसाच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे सोडलेल्या जीपगाड्या लांबवून तिथल्या लोकांनी ही सवारी गाडी घडवली. आत समोरासमोर दोन लांब बाकं. मागे बसलेला माणूस 'बायाद पो' (हे घ्या भाडं) म्हणत भाड्याची नाणी शेजाऱ्याच्या हातात ठेवतो, ती हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि उरलेले सुट्टे त्याच वाटेने परत येतात. अनोळखी माणसांचा एकमेकांवरचा हा भरवसा मला फार मोलाचा वाटतो.

'बायाद पो'मधला 'पो' हा आदराचा शब्द, साधारण आपल्या 'जी'सारखा. वडीलधारं माणूस भेटलं की धाकटे त्याचा हात धरून स्वतःच्या कपाळाला टेकवतात, याला 'मानो' म्हणतात. आणि जेवायला बसलेला माणूस, समोर कुणी आलं की 'काइन तायो' म्हणणारच, म्हणजे 'चला, जेवू या'. अगदी आपलं 'या जेवायला'!



जाणार असाल तर 'सालामात पो' हे दोन शब्द पाठ करून जा. अर्थ : धन्यवाद.