इलेक्ट्रिक कार की पेट्रोल? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा, मग शोरूम गाठा

गावात कुणी नवी कार घ्यायचं काढलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "लाइटवरची घेणार की पेट्रोलची?" एक जण सांगतो, लाइटची गाडी फुकटात पळते. दुसरा म्हणतो, बॅटरी गेली की गाडी भंगारात. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे. पण कार म्हणजे लाखोंचा मामला आणि पाच-सात वर्षांचे हप्ते. पारावरच्या गप्पांवर एवढा मोठा निर्णय घेतला तर पुढे पस्तावायची वेळ येते. त्यापेक्षा कागद-पेन घेऊन थोडी आकडेमोड केलेली बरी.

किलोमीटरमागे किती खर्च?

लहान पेट्रोल कार गावाकडच्या रस्त्यावर लिटरला साधारण १७ किलोमीटर देते असं धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं तर एका किलोमीटरला सहा रुपयांच्या वर खर्च येतो. लहान इलेक्ट्रिक कार घरच्या मीटरवरच्या एका युनिटमध्ये सुमारे ७ किलोमीटर जाते. युनिट १३ रुपयांना पडलं तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आतच खर्च येतो.

आता युनिट १३ रुपयांना का धरलं? इथंच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो. १०१ ते ३०० युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो आणि ३०० च्या पुढे आणखी चढतो. घरात महिन्याला ९० युनिट जळत असतील आणि त्यात गाडीची २०० युनिट वाढली, तर गाडीची जवळजवळ सगळी वीज महागड्या टप्प्यात जाते. शोरूममध्ये दाखवतात तो रुपयाचा हिशेब बहुतेक वेळा स्वस्त टप्प्याचा असतो.

दोन घरं, दोन उत्तरं

समजा एक शिक्षक रोज ६० किलोमीटर जातात-येतात. महिन्याला २५ दिवस धरले तर १,५०० किलोमीटर झाले. पेट्रोलला सव्वानऊ हजारांच्या आसपास लागतील, विजेला २,८०० च्या आसपास. म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या जवळ आणि वर्षाला पाऊण लाखाच्या वर बचत. त्याच तोडीची इलेक्ट्रिक कार तीन लाखांनी महाग मिळाली, तरी जादा पैसे चार वर्षांत निघतात.

दुसरं घर शेतकऱ्याचं. गाडी आठवड्याच्या बाजाराला, दवाखान्याला, लग्नकार्याला निघते. महिन्याला ४०० किलोमीटर. इथं बचत महिन्याला पावणेदोन हजारांच्या आसपास. तेच तीन लाख निघायला चौदा वर्षं लागतील, वर कर्जाचं व्याज वेगळंच. अशा घराला आज पेट्रोल किंवा जवळ पंप असेल तर सीएनजी गाडीच परवडते.

करात काय फरक?

इलेक्ट्रिक गाडीवर २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. लहान पेट्रोल कारचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे पेट्रोल गाड्याही स्वस्त झाल्या. राज्यात पेट्रोल कारला नोंदणीच्या वेळी दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के वाहन कर लागतो. इलेक्ट्रिक गाडीला राज्य सरकारने या करात सवलत दिली आहे. म्हणून तुलना शोरूमच्या किमतीची न करता 'ऑन रोड' किमतीची करावी, आणि दोन्ही कोटेशन लेखी घ्यावीत.

चार्जिंग: घरी सोय आहे का?

इलेक्ट्रिक कार मोबाइलसारखी रात्री घरी लावायची असते. १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला साधारण ३ युनिट भरतात. २४ युनिटची बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. त्यासाठी चार गोष्टी आधी बघाव्यात.

मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारावं. कमी असेल तर अर्ज करून वाढवून घ्यावा. चार्जिंगच्या वेगळ्या मीटरचं आणि त्याच्या दराचंही तिथंच विचारावं.

अर्थिंग पक्कं हवं. जुन्या घरांत ते नसतंच किंवा नावापुरतं असतं. त्याशिवाय गाडी चार्ज होत नाही आणि धोकाही असतो.

रात्री लाइट किती वेळ जाते, व्होल्टेज किती टिकतं, याचा अंदाज घ्यावा.

आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते.

छतावर सोलर असेल तर गणित बदलतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटपर्यंतच्या घरगुती सोलरला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. एवढं सोलर महिन्याला साधारण ३०० युनिट देतं. नेट मीटरमुळे दिवसा तयार झालेली वीज रात्रीच्या चार्जिंगमध्ये वळती होते.

लांबच्या प्रवासाचं काय?

कंपनी कागदावर सांगते ती रेंज रस्त्यावर मिळत नाही. एसी, घाट, भरलेली गाडी यांनी ती घटते. २४ युनिटच्या बॅटरीची गाडी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर जाईल असं धरावं. सातारा ते पुणे साधारण ११० किलोमीटर. म्हणजे पुण्याला पोचता येतं, पण परत यायला तिथं चार्जिंग करावंच लागतं. खंबाटकी घाट चढताना बॅटरी भराभर उतरते, उतारावर त्यातली थोडी परत भरते. हायवेवरचं फास्ट चार्जिंग घरच्यापेक्षा महाग पडतं. तिथं नंबर लागला तर थांबायचीही तयारी हवी.

बॅटरीची भीती किती खरी?

बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी देतात. बॅटरी एकदम बंद पडण्यापेक्षा वर्षागणिक तिची ताकद थोडी थोडी कमी होते. मात्र वॉरंटीनंतर बदलायची वेळ आली तर खर्च मोठा आहे. जुनी गाडी घेताना म्हणून वॉरंटी किती उरली, हे आधी विचारावं. शिवाय या गाडीला इंजिन ऑइल, क्लच नाही, देखभाल कमी लागते. पण बिघाड झाला तर गावातला मिस्त्री उपयोगाचा नाही. कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, ते बघूनच बुकिंग करावं.

थोडक्यात

रोजचं जाणं-येणं ठरलेलं, महिन्याला हजारच्या वर किलोमीटर आणि घरी पक्का प्लग असेल तर इलेक्ट्रिकचा विचार जरूर करावा. गाडी कमी फिरते, लाइटचा भरवसा नाही किंवा एकाच गाडीवर अधूनमधून लांबचा प्रवास असेल, तर घाई करू नये. सध्याच्या गाडीचा किंवा मोटारसायकलचा मीटर आज वहीत लिहून ठेवावा, महिन्याने पुन्हा बघावा. तो आकडा आणि विजेचं शेवटचं बिल सोबत घेऊन शोरूममध्ये जावं. मग सेल्समन काहीही सांगो, आपला हिशेब आपल्याकडे तयार असतो.