जुन्या सुवर्णशोधक यंत्राचे मोल

घरातील जुना दागिना मोडीत घातला, तरी सोन्याचे वजन त्याची किंमत राखते. सोने शोधणाऱ्या यंत्राचे तसे नाही. त्याची किंमत त्याच्या अंगच्या गुणावर ठरते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९८० साली धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने सुमारे २७ किलो वजनाचा सुवर्णखंड सापडला. परंतु तेथील लोहयुक्त मातीवर त्या काळची यंत्रे उगाच वाजत राहत. १९९५ साली माइनलॅब कंपनीने विद्युत्स्पंदांवर चालणारे एसडी २००० हे यंत्र काढले. मातीचा गोंगाट बाजूस सारून ते खोलवरचे सोने दाखवू लागले. साहजिकच तशा भूमीत त्यापूर्वीच्या यंत्रांचे मोल उतरले. एसडीच्या वंशातील यंत्रांस मात्र जुनी झाली तरी गिऱ्हाईक मिळते.

म्हणून घेणाऱ्याने केवळ वय न पाहता कस पाहावा. विजेरी किती वेळ टिकते, वेटोळ्याची तार शाबूत आहे काय, हे तपासावे. शिशाचा लहानसा तुकडा मातीत पुरून त्यावर यंत्र फिरवून पाहावे. नामांकित यंत्रांच्या बनावट प्रतीही निघाल्या आहेत. यास्तव क्रमांक कंपनीकडून पडताळून घ्यावा. सोने घेताना आपण कसोटी विसरत नाही; मग सोने शोधणाऱ्या यंत्रापुरती ती का विसरावी?